चारोळ्या कुणी खाल्ल्या?

गेल्या कोजागिरीच्या रात्री आमच्या डोंबिवलीच्या घरात चोरी झाली. सोसायटीच्या गच्चीवर उरलेलं मसाला दूध आमच्या वाट्याला आलं होतं. फ्रिजमध्ये पातेलं मावेना म्हणून ते ओट्यावर ठेवलं, वर ताट झाकलं आणि सगळे झोपलो. सकाळी पाहतो तर ताट तिरकं, दूध पेलाभर खाली गेलेलं आणि वरची साय, तिच्यात अडकलेल्या चारोळ्यांसकट, बेपत्ता.

त्या रात्री घरात पाच जीव होते. मी, आमची ही, कॉलेजात जाणारा मुलगा, दिवाळीपर्यंत राहायला म्हणून देवरुखहून आलेली माझी मावशी आणि पिठी. पिठी हे मांजर आहे. एवढं लक्षात आल्यावर तपास संपला.

"दूध प्यायलंन् ते प्यायलंन्, चारोळ्याही वेचून खाल्ल्यान् मेलीनं," मावशी म्हणाली. मग जी म्हण येणारच होती ती आली. मांजर डोळे मिटून दूध पितं! पिठी त्या वेळी खिडकीत बसून समोरच्या तारेवरचे कावळे न्याहाळत होती. बाजू मांडायची संधी तिला मिळाली नाही. आठ दिवस स्वयंपाकघरात येण्याची बंदी मात्र मिळाली. मी तिथंच चहाचा कप घेऊन उभा होतो. काही बोललो नाही. का बोललो नाही, ते पुढे येईलच.

पण तेव्हापासून मन खाऊ लागलं आणि मी मांजराचं वकीलपत्र घेतलं. फी नाही, अशिलाची सहीही नाही. अशील दिवसातले बारा-चौदा तास झोपलेलं असतं.

मराठीत एखाद्यावर आळ घालताना म्हण सापडली की पुरावा लागत नाही, आणि मांजरावरच्या म्हणी आपल्याकडे पोतंभर. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं साधलं, हीच घ्या. यात बोक्याचा गुन्हा कोणता? तो खाली उभा होता. शिंकं कुणी बांधलं, दोरी शेवटची कधी बदलली, वर लोण्याचं मडकं किती शेरांचं होतं, याबद्दल म्हणीत अवाक्षर नाही. पूल पडल्यावर कंत्राटदाराला सोडून खालून चाललेल्या माणसाला धरायचं, त्यातलाच प्रकार. दुसरी, मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची. उंदरांची सभा भरली, ठराव एकमतानं संमत झाला, पुढे काही झालं नाही. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त याहून वेगळं नसतं. पण त्या गोष्टीत खलनायक कोण, तर जे सभेला हजरही नव्हतं ते मांजर.

कुत्र्याला आपण शिव्यांत घातलं, पण शाळेच्या पुस्तकात त्याच्या इमानाचे धडेही लावले. मांजराला धडा नाही. नातं जोडलं तेही वाघाचा मान ठेवून: वाघाची मावशी. हे नातं आपण सहज लावलेलं असलं तरी खोटं नाही. २०१३ साली वाघाच्या जनुकांचा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा तो घरातल्या मांजराशी पंचाण्णव टक्क्यांहून जास्त जुळला. माझं आणि माझ्या मावशीचं इतकं कधीच जुळलेलं नाही.

बदनामीचं मूळ शोधत मागे गेलो तर थेट महाभारतात पोचलो. उद्योगपर्वात एका ढोंगी मांजराची गोष्ट आहे. ते गंगेकाठी हात वर करून तपाला बसतं, उंदीर भुलतात, आपली पोरंबाळं त्याच्या हवाली करतात आणि ते रोज एकेक मटकावतं. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या भल्याथोरल्या शिल्पपटातही हे मांजर मागच्या पायांवर उभं आहे, पायाशी उंदीर जमलेले. लाखो पर्यटक त्याच्यासोबत फोटो काढून जातात. म्हणजे आरोप नुसता तोंडी राहिला नाही, दगडात कोरून ठेवला गेला. पण ही गोष्ट सांगतो कोण? दुर्योधन! युधिष्ठिराला ढोंगी म्हणून हिणवायचं होतं म्हणून त्यानं ती शकुनीच्या मुलाकडून, उलूकाकडून निरोपात धाडली. आणि दुर्योधनाला ती कळली कशी, तर म्हणे नारदानं त्याच्या बाबांना सांगितली होती. नारदानं सांगितलेलं, धृतराष्ट्रानं ऐकलेलं, दुर्योधनानं ऐकवलेलं आणि शकुनीच्या पोरानं पोचवलेलं. कुठल्याही तालुका न्यायालयात ही साक्ष पाच मिनिटं टिकणार नाही. आपण ती दोन हजार वर्षं चालवून घेतली. त्यात उलूक म्हणजे घुबड. एका बदनाम जीवाच्या नावाचा माणूस दुसऱ्या बदनाम जीवाची गोष्ट घेऊन गेला, हे दुःख वेगळंच.

उलट पुरावा आहे, पण तो कुणी काढत नाही. दक्षिणेतल्या श्रीवैष्णवांमध्ये शरणागतीवरून मोठा वाद झाला. एक पक्ष म्हणतो, भक्तानं माकडाच्या पिल्लासारखं देवाला घट्ट धरून ठेवलं पाहिजे. दुसरा म्हणतो, भक्तानं काही करायची गरज नाही. मांजरी जशी पिल्लाला मानेला धरून उचलते तसा देव उचलून नेईल. याला मार्जारन्याय म्हणतात. इथं मांजर कुणाच्या जागी आहे, पाहा. मावशीला मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, "मांजरीचे दात तिच्या पिल्लांना लागत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण ते पिल्लांपुरतं. दुधापुरतं नव्हे."

आडवं जाण्याबद्दल फार लिहीत नाही. आपण रस्त्यानं चाललेलो असतो, तेही चाललेलं असतं. त्याच्या बाजूनं पाहिलं तर आपण आडवे गेलो, आणि त्याच्या दिवसाचं पुढे काय झालं याची आपण कधी चौकशी केलेली नाही. बाळाच्या सहाव्या दिवशी जिची पूजा होते त्या षष्ठीचं वाहन मांजर मानतात. ती देवी रोज मांजरावरच बसून बाहेर पडते आणि तिची कामं अडल्याचं कुठं ऐकिवात नाही.

आता पिठीविषयी. ती आम्ही आणलेली नाही. दळण आणायला गिरणीत गेलो होतो. गव्हाच्या डब्यामागून एक पांढरट गोळा बाहेर आला, अंग झटकलं तर पीठ उडालं आणि खालून करडं मांजर निघालं. गिरणीवाले म्हणाले, "न्या साहेब, इथं पट्ट्यात सापडेल." मी डबा उचलला, ती मागून चालत आली. रिक्षात बसली. घरी आल्यावर दारात थांबली नाही, आत येऊन सोफ्यावर बसली. मी दारात थांबलो, कारण आमची ही दारात उभी होती.

पुढे वाचनात आलं की मांजरं माणसाकडे आली ती मुळातच अशी. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस धान्य साठवायला लागला, धान्याला उंदीर आले, उंदरांमागून रानमांजरं आली आणि माणसानं हरकत घेतली नाही. सायप्रस बेटावर साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलं आहे. माणसाच्या सांगाड्यापासून जेमतेम हातभर अंतरावर एका मांजराला नीट पुरलेलं. सायप्रसमध्ये मांजरं मूळची नव्हतीच, म्हणजे कुणीतरी त्याला होडीत घालून समुद्रापार नेलं होतं. पिठीला मी रिक्षातून आणलं याचं मग मला फार काही वाटेनासं झालं. बाकी रस्ता तोच: धान्य, उंदीर, मांजर, माणूस.

या प्रकरणातला सर्वांत गाजलेला आरोप म्हणजे मांजराला माणसाची माया नसते, ते घराला धरून असतं. माणसं बिऱ्हाड हलवतात, मांजर जुन्या घरी परत जातं, वगैरे. अमेरिकेत ओरेगन राज्याच्या विद्यापीठात २०१९ साली यावर एक सोपा प्रयोग झाला. मांजर आणि त्याचा माणूस अनोळखी खोलीत ठेवायचे, माणसानं दोन मिनिटं बाहेर जायचं, परत यायचं आणि मांजर काय करतं ते पाहायचं. सुमारे पासष्ट टक्के मांजरं माणूस परत आल्यावर त्याला भेटून निश्चिंत झाली आणि पुन्हा आपल्या उद्योगाला लागली. माणसाच्या तान्ह्या पोरांवर असाच प्रयोग करतात, तिथंही आकडा याच्याच आसपास निघतो. मी हा प्रयोग घरी करून पाहिला. दोन मिनिटं जिन्यात उभा राहिलो आणि परत आलो. पिठी दाराशी आली, पायाला अंग घासलं, शेपटी उभी केली. कॉलेजात जाणारा मुलगा सोफ्यावर होता. मी गेलो होतो आणि आलो, हे त्याला अजून कळलेलं नाही.

मावशीचं म्हणणं, हाक मारली तर येत नाही ते कसलं जनावर? वरच्या मजल्यावरचा लॅब्राडोर बघ, नुसतं नाव घेतलं की जिने उतरून येतो. खरं आहे, एकदा तर नाव न घेताही आला होता आणि आमच्या चपलांसकट गेला होता. पण ते असो. टोकियोतल्या आत्सुको साइतो या संशोधक बाईंनी मांजरांना सारख्याच चालीत चार-चार साधे शब्द ऐकवले आणि पाचवं त्यांचं नाव. शब्दांना मांजरं हळूहळू कंटाळली. नाव येताच कान हलले, मान वळली. म्हणजे आपलं नाव मांजराला चांगलं कळतं. उठून येणं न येणं हा त्याच्या सवडीचा भाग. या घरात हा स्वभाव एकट्या पिठीचा नाही. रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून "अहो, दळण!" अशी हाक येते तेव्हा वर्तमानपत्रामागे माझे कान नेमके असेच हलतात.

मांजर मतलबी असतं, भूक लागली की गोड होतं, हा आरोप मात्र मी फेटाळू शकत नाही. पहाटे साडेपाचला पिठी माझ्या छातीवर येऊन घुरघुरते. त्या घुरघुरीत कसलासा केविलवाणा सूर असतो, झोपून राहताच येत नाही. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठानं २००९ साली हा सूरसुद्धा पकडला. खायला मागताना मांजर नेहमीच्या घुरघुरीत एक बारीक रडका आवाज मिसळतं, जो ऐकायला तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या जवळ जातो. म्हणजे लबाडी आहेच. पण पगाराच्या तारखेला आमच्या चिरंजीवांचा "बाबा" ऐकला तर त्यातही हा सूर कुठंतरी मिसळलेला सापडेल. मतलब असल्यामुळे माया नसते, असं ठरवायचं तर आमचं घर सकाळी आठपर्यंत रिकामं होईल.

मेलेली पाल आणून उशाशी ठेवणं याबद्दल मी बोलणार नव्हतो, पण मावशीनंच विषय काढला. "आमच्याकडल्या मनीनं एकदा फुरसं आणून ओटीवर ठेवलंन् हो. तुझ्या काकांच्या पाटापाशी." आवाजात कौतुक होतं. मांजरी पिल्लांना शिकार शिकवायला मारलेले आणि अर्धमेले जीव आणून देते, हे खरं. आपल्याला आणून देते तेव्हा तिच्या मनात नेमकं काय असतं यावर तज्ज्ञांची वेगवेगळी मतं आहेत. माझं मत असं, की मला पोळीभाजीवर गप्प बसलेलं तिनं रोज पाहिलं आहे आणि हा माणूस स्वतः काही पकडून आणू शकत नाही, हे तिला समजलं आहे.

आता दूध.

पहिली गोष्ट, मांजराचं आणि दुधाचं गणित आपण समजतो तसं नाही. पिल्लू आईचं दूध पचवतं. मोठं झाल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही. वाटीभर प्यायलं की पोट बिघडतं. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पिठीची मातीची पेटी मीच साफ केली होती. काही बिघडलेलं नव्हतं. तेव्हाच हा मुद्दा मांडता आला असता. नाही मांडला.

दुसरी गोष्ट, पिण्याची रीत. कुत्रा जीभ पळीसारखी वाकवून पाण्यात आपटतो आणि फरशी पुसायला लावतो. मांजर जिभेचं टोक पृष्ठभागाला नुसतं टेकवतं, झटकन वर ओढतं, मागोमाग द्रवाची एक बारीक धार उभी राहते आणि ती खाली पडायच्या आत तोंड मिटतं. सेकंदाला चारेक वेळा. अमेरिकेतल्या एमआयटीच्या अभियंत्यांनी २०१० साली जलद कॅमेरे लावून हे मोजलं. सुरुवात त्यांच्यातल्या एकाच्या घरच्या मांजरापासून झाली आणि त्या मांजराचं नाव होतं कट्टा कट्टा. असं पिणारं जनावर ओट्यावर थेंब सांडत नाही. आमच्या ओट्यावर मात्र पातेल्यापासून कडेपर्यंत ओघळ होता.

तिसरी गोष्ट सांगताना मला थोडं जड जातंय. फिलाडेल्फियातल्या मॉनेल संस्थेच्या लोकांनी २००५ मध्ये दाखवलं, की मांजराला गोड चवच कळत नाही. गोड ओळखणारं जे जनुक लागतं ते त्याच्यात मोडकं आहे. वाघात मोडकं, चित्त्यातही मोडकं. सगळं कूळच मांसाहारी, त्यांना साखरेशी कर्तव्य नाही. मांजर सायीकडे वळलंच तर स्निग्धाच्या ओढीनं. केशर, वेलची, साखर घालून दोन तास आटवलेलं दूध त्याला नुसतं दूध. चारोळ्या वेचून खाणं तर दूरच राहिलं. मग त्या रात्री ज्यानं कुणी साय चारोळ्यांसकट ओरबाडली त्याला गोडाची चव कळत होती. नुसती कळत नव्हती, त्या चवीसाठी जीव टाकत होता. घरात असा एकच प्राणी आहे, ज्याला डॉक्टरांनी गेल्या श्रावणापासून साखर बंद केली आहे, ज्याच्या चहात हल्ली बिनसाखरेचं दुःख असतं आणि गच्चीवर सगळ्यांच्या हातात पेले असताना ज्याच्या हातात कोमट पाणी देण्यात आलं होतं.

रात्री दोन वाजता उठलो. दिवा लावला नाही. पेला घेतला तर खण वाजला असता, म्हणून पातेलंच तोंडाला लावलं. साय आधी आली. आता लपवण्यात अर्थ नाही: दोन्ही डोळे सुखानं मिटले होते. मध्ये कधीतरी उघडले तेव्हा खिडकीतून चांदणं आत आलेलं होतं आणि फ्रिजपाशी पिठी बसली होती. तिचे डोळे टक्क उघडे होते. तिनं सगळं पाहिलं आणि आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही. इमानाचा धडा लिहिणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

राहता राहिला डोळे मिटण्याचा मुद्दा. मांजराला वीतभर अंतराच्या आतलं तसंही नीट दिसत नाही, तोंडापाशी आलेल्या गोष्टीचा अंदाज ते मिशांवरून घेतं. तेव्हा वाटीशी वाकल्यावर डोळे उघडे ठेवून त्याला विशेष फायदा नाही. जग आपल्याला पाहत नाही असं त्याला वाटतं, ही कल्पना माणसाची, आणि मला आता ती कुठून आली असेल हेही कळतं. पण मांजर आपल्याकडे पाहूनही डोळे मिटतं. अर्धवट, सावकाश, पुन्हा उघडतं. मावशी त्याला "लबाडाचं बघणं" म्हणते. २०२० साली ब्रिटनमधल्याच संशोधकांनी माणसांना मांजराकडे पाहून असे हळूहळू डोळे मिटायला लावले. मांजरांनीही उलट मिटले, शिवाय अशा माणसाजवळ ती जास्त येऊ लागली. तुझ्यापासून मला भीती नाही, असा काहीसा त्याचा अर्थ लावतात. मी जेवणाच्या टेबलावरून पिठीकडे पाहून हे करून बघितलं. तिनं मिटले. मी परत मिटले. "डोळ्यांत काही गेलंय का?" हिनं विचारलं. "ड्रॉप घाला. आणि तो गुलाबजामचा डबा कुणी हलवला?"

दुपारी मावशी आरामखुर्चीत लवंडते तेव्हा पिठी तिच्या लुगड्याच्या ओच्यात जाऊन झोपते. मांजराचा लळा लावून घेऊ नये, घरात असावं पण जवळ घेऊ नये, हे मावशीचं तत्त्वज्ञान ऐन त्याच वेळी चालू असतं. एकदा तासभर झाला तरी ती उठेना. चहा निवत होता. "पायाला मुंग्या आल्यात रे बाळ्या," ती हळू आवाजात म्हणाली, "पण या मेलीला उठवू कशी?" दोघींचे डोळे अर्धे मिटलेले होते.

बचाव इथं संपतो. हा अंक आमच्याही घरी येणार आहे. मावशी यंदाही दिवाळीपर्यंत राहायला येतेय आणि ती अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिराती आणि राशिभविष्यासकट वाचते. त्यामुळे ही पानं मला आधीच काढून ठेवावी लागतील. फाटकी कड दिसली आणि कुणी विचारलं, तर पिठीनं नखं मारली म्हणून सांगेन. तुमच्यापैकी कुणी डोंबिवलीत राहत असाल आणि भाजीबाजारात आमची ही भेटली, तर तुम्हीही तेच सांगा.